पलीकडचा गुरुवार

मनगटी घड्याळाची चावी किंचितच बाहेर ओढली, तर काटे हलत नाहीत. फक्त तारखेच्या खिडकीतला आकडा फिरतो. लाँच समुद्राच्या मध्यावर आली तशी त्याने चावी ओढली आणि बाराचे तेरा केले. काट्यांना हात लावायची गरज नव्हती. दोन्ही बेटांवर सूर्य बरोबरच उगवतो, घड्याळं एकच वेळ दाखवतात. पण मधल्या चिंचोळ्या समुद्रातून आंतरराष्ट्रीय वाररेषा जाते. म्हणून अलीकडे गुरुवार असतो, तेव्हा पलीकडे शुक्रवार.

"चला, बसा पटापट! आज चढवतो, उद्यात उतरवतो!" लाँचवाला धक्क्यावर रोजच्यासारखा ओरडला होता. लोक हसले होते. त्याला मात्र हसू आलं नव्हतं.

तो अलीकडच्या वेधशाळेत निरीक्षक होता. वारा, पाऊस, हवेचा दाब यांच्या नोंदी रोज पलीकडे पाठवायच्या, आणि पाठवताना तारीख एकाने पुढे करायची. इतक्या वर्षांत त्याची एकही नोंद चुकली नव्हती. चुकायचा तो फक्त घरच्या बाबतीत. आई पलीकडे ताईकडे राहायची. तिच्या वाढदिवसाला तो हटकून दुसऱ्या दिवशी उगवायचा. पाहुणे गेलेले असायचे, भांडी घासून पालथी घातलेली असायची. "मी वेळेवरच आलोय. तुमची तारीख पुढे पळाली, त्याला मी काय करू?" असं म्हणायचा. आई हसायची. ताई त्याच्यापुढे ताट ठेवायची. या रेषेमागे माणसाला छान लपता येतं, हे हळूहळू त्याच्या लक्षात आलं होतं.

मग आई पडली. खुब्याचं हाड मोडलं. ताईचा फोन आला.

"गुरुवारी दुपारी ऑपरेशन आहे. सकाळी डॉक्टरांना आपल्या दोघांशी बोलायचंय. नंतर आई कुणाकडे राहणार, ते त्यांना आधी कळायला हवंय. माझे तीन जिने आता तिला झेपायचे नाहीत रे."

एवढं बोलून ती थांबली. त्याचं घर तळमजल्यावर होतं आणि मागची खोली रिकामी होती. दोघांनाही ते माहीत होतं.

"बघू," तो म्हणाला. आई थकायला लागली तेव्हापासून तो हेच म्हणत आला होता.

ताईचा गुरुवार म्हणजे त्याचा बुधवार. बुधवारी तो कामावर गेला. नोंदी पाठवताना त्याने तारीख एकाने पुढे केली, तेव्हा हात क्षणभर अडखळला. मग त्याने फोन बंद केला आणि टेबलाच्या खणात टाकला. डॉक्टर ताईशी एकटीशी बोलतील. ती काहीतरी मार्ग काढेल. आजवर तीच काढत आली होती. आपण दुसऱ्या दिवशी पोचायचं आणि कपाळावर हात मारायचा.

म्हणून आज, त्याच्या गुरुवारी सकाळी, तो लाँचमध्ये बसला होता. वाक्य तयार होतं. वाटेत त्याने ते मनात दोनदा घोळवूनही पाहिलं.

वॉर्डातल्या खिडकीजवळच्या खाटेवर आई उशीला टेकून बसली होती, शेजारी स्टुलावर ताई. अंगात हिरवा झगा, केस टोपीखाली खोचलेले. ती चांगली जागी होती. ना गुंगी, ना बँडेज.

"आलास!" आई म्हणाली आणि नर्सकडे वळली. "बघा, म्हटलं नव्हतं? हा माझा मुलगा. येणार म्हणजे येणारच."

त्याला काही उमजेना. तयार वाक्य तेवढं तोंडातून निसटलं. "अगं ताई, मी आमचा गुरुवार धरला..."

"मग? तुमचाच तर सांगितला होता," स्टुलावरून उठत ताई म्हणाली. "दर वेळी तुझा घोळ होतो, म्हणून या वेळी मीच मोजून तुमचा वार सांगितला. आमच्याकडे आज शुक्रवार. ऑपरेशन आजच आहे, बाब्या."

त्याने तिच्या चेहऱ्यावर टोमणा शोधला. तो नव्हता. असता तर बरं झालं असतं.

"एकदाची गाडी रुळावर आली हो तुझी," आई म्हणाली आणि तिने त्याचा हात धरला. तिचा हात गार होता. ज्या दिवशी त्याने आईकडे पाठ फिरवली, त्या दिवशी इथे काहीच घडलं नव्हतं. ती इथेच पडून त्याची वाट पाहत होती. हे जगात फक्त त्यालाच ठाऊक होतं, आणि आता ते कुणाला सांगून हलकंही होण्यासारखं नव्हतं.

डॉक्टर आल्या. "दोघंही आलात, छान झालं. मग, ऑपरेशननंतर या राहणार कुठे?"

आई पांघरुणाची एकच घडी पुन्हापुन्हा सारखी करू लागली. ताईने घसा साफ केला.

"माझ्याकडेच. जिन्याचं आम्ही काहीतरी—"

"नाही," तो म्हणाला. "आई माझ्याकडे येईल. राहायलाच."