मागची खोली

सासूबाईंचं ताट मागच्या खोलीच्या उंबऱ्यात ठेवून मी मागे सरकले.

थायरॉइडच्या कॅन्सरसाठी त्यांना किरणोत्सारी आयोडीनची गोळी दिली होती. ती नेमकी कॅन्सरच्या पेशी गाठते, पण काही दिवस अंगातून किरणं बाहेर पडत राहतात. घरी सोडताना डॉक्टरांनी मला बजावलं, आठवडाभर वेगळी खोली, वेगळं ताट, कपडे वेगळे धुवायचे, जवळ जायचं नाही.

मी नुसती मान हलवली. मला सगळं पाठ होतं. दर महिन्याला चार दिवस सासूबाई मला याच खोलीत बाजूला बसवायच्या, अगदी माझी पाळी कायमची जाईपर्यंत.

आता मला बरं वाटायला हवं होतं, निदान कीव तरी यायला हवी होती. पण आमटी निवत असेल, एवढंच मनात आलं.

तिसऱ्या दिवशी त्यांनी आतून विचारलं, "कुंदा, तू इथं दिवसभर काय करायचीस गं?"

"वरचे वासे मोजायचे."

आत खाट करकरली.

"तेवीस," त्या म्हणाल्या. "माझ्या सासूबाई मला बसवायच्या, तेव्हाही तेवीसच होते."