वेगळा तास
चित्रकलेच्या बाईंनी तीन दिवस घसा कोरडा करून सहशिक्षकांना शिकवायला शिकवलं: घड्या घातलेल्या कागदातून अपूर्णांक, मातीच्या डोंगरातून भूगोल. पहिल्या दिवशी मागच्या बाकावर पेंगणारे गणिताचे सर तिसऱ्या दिवशी म्हणाले, "बाई, वीस वर्षं हे पोरांच्या डोक्यात कोंबतोय. मला स्वतःला मात्र आज समजलं." बाईंना वाटलं, कष्टांचं चीज झालं. समारोपाला मुख्याध्यापिका उठल्या. "बाईंनी कमाल केली. आता कला प्रत्येक विषयात आली. पुढच्या वर्षापासून चित्रकलेचा वेगळा तास नाही, वेगळी शिक्षिकाही नाही." टाळ्या वाजवायला उचललेले हात खाली आले. मुख्याध्यापिका बाईंना म्हणाल्या, "चित्रकलेच्या खोलीची किल्ली तेवढी आज द्या." बाई जुडग्यातून किल्ली काढू लागल्या, पण जुडग्याची कडी उघडेना. गणिताचे सर पुढे आले. बाईंना वाटलं, आता काहीतरी बोलतील. त्यांनी नुसती कडी उघडून दिली.