धडधाकट बोट

“तुमची बोट धडधाकट आहे ना, तांडेल?” वायरलेसवर बंदरातल्या साहेबांनी विचारलं.

“आहे, साहेब.”

“मग आत घेता येत नाही. दोन्ही देशांचा करार झालाय. ही माणसं ज्या किनाऱ्यावरून पळाली, तिथली गस्तीची बोट निघालीय. तिच्या ताब्यात द्या आणि मोकळे व्हा.”

तांडेलाने काचेतून पाहिलं. धक्का अगदी हाकेच्या अंतरावर होता. वाळत घातलेली जाळी दिसत होती, त्यांच्यावर भांडणारे कावळे दिसत होते. मध्ये फक्त बंदराचं तोंड, आणि त्यात पोलिसांची लाँच आडवी उभी. दुसरीकडे, उघड्या समुद्रावर, एक करडा ठिपका मोठा होत होता.

त्या माणसांची रबरी होडी सकाळी पाण्याखाली चालली होती. तांडेलाने टाकलेलं जाळं तसंच सोडलं आणि एकेकाला दंडाला धरून वर घेतलं. आता ती दोरांच्या ढिगाला टेकून बसली होती. त्यांची भाषा इथे कोणालाच कळत नव्हती. पण करडा ठिपका दिसला आणि सगळी एकदम गप्प झाली. एका बाईने डोक्याचा रुमाल सोडला, तान्हं मूल त्या रुमालानेच पोटाशी करकचून बांधलं आणि ती कठड्यापाशी जाऊन बसली. खाली पाणी होतं. ती कशाची तयारी करत होती, हे कळायला तांडेलाला भाषा लागली नाही.

“साहेब, एकदा जमिनीला पाय लागू द्या त्यांचे. मग त्यांचं गाऱ्हाणं ऐकून घ्यावंच लागतं, असाही नियम आहे म्हणतात.”

“म्हणूनच तर पाय लागू द्यायचा नाही.” साहेबांचा आवाज खाली आला. “माझ्यावर चिडू नका हो. बुडती बोट असती तर मी कुणाला विचारलं नसतं. आपली टग पाठवून आत ओढून घेतली असती, आत कोण बसलंय ते मागाहून. पण धडधाकट बोटीला माझे हात बांधलेत.”

मागून पायऱ्या वाजल्या. इंजिनाच्या खोलीतून तांडेलाचा मेव्हणा वर आला. त्याला सगळे कुरकुऱ्याच म्हणत. इंजिन बंद पडेल, याचं तोंड पडणार नाही, असं खलाशी म्हणायचे.

“ऐकलंत ना? द्या त्यांना आणि चला घरी,” तो म्हणाला. “गेल्या साली एकाने असंच पुण्य कमवायला घेतलं. त्याची बोट जप्त होऊन धक्क्यामागे सडतेय. या बोटीत माझ्या ताईच्या बांगड्या आहेत, दाजी. लाकडात दिसत नाहीत म्हणून विसरू नका. आणि त्या म्हाताऱ्याच्या अंगात माझा स्वेटर आहे. तो धुऊन कोण देणार?”

स्वेटर म्हाताऱ्याला कुणी घातला होता, ते तांडेलाने विचारलं नाही.

सुकाणूवरचा खलाशी चाचरत म्हणाला, “तांडेल, बुडतेय म्हणून सांगून टाका की. तोंडाचं काय जातंय?”

तांडेलाच्या वडिलांची बोट बुडाली, तेव्हा बंदराची टग कुणाच्या तरी खोट्या हाकेमागे भलतीकडे धावली होती. त्यानंतर वायरलेसवर कधी खोटा शब्द काढायचा नाही, एवढं एकच त्याने देवाला कबूल केलं होतं. रोज दिवा लावताना तो हेच पुन्हा म्हणायचा. दुसरं काही मागायचा नाही.

“गप रे तू!” कुरकुऱ्या खलाशावर खेकसला. “दाजींना खोटं बोलता आलं असतं, तर ताईच्या हातच्या जेवणाला एकदा तरी चांगलं म्हणाले असते.”

कोणी हसलं नाही. कुरकुऱ्याने क्षणभर कठड्यापाशी बसलेल्या बाईकडे पाहिलं. मग कोपऱ्यातला मोठा पान्हा उचलला.

“इंजिन गार करायला समुद्राचं पाणी आत येतं ना, तो बुडातला व्हॉल्व्ह पुन्हा त्रास देतोय. सतरांदा सांगितलं, बदला. पण माझं ऐकतंय कोण! तुमचं चालू द्या.” पुटपुटत तो खाली उतरला. खालून लोखंडावर लोखंड आपटल्याचे आवाज येऊ लागले.

करडी बोट आता पुरती दिसत होती. तिच्यावरचा झेंडा दिसला, कठड्याला रेललेले शिपाई दिसले. भोंग्यातून कोणीतरी ओरडलं. म्हाताऱ्याने स्वेटरची बाही तोंडात कोंबली. त्या बाईने एक पाय कठड्यापलीकडे टाकला.

“थांब, बाई!” तांडेल ओरडला. तिने वळूनही पाहिलं नाही.

“तांडेल,” वायरलेस खरखरला, “नोंदीसाठी शेवटचं विचारतो. बोट धडधाकट आहे?”

तांडेलाने माइक तोंडापाशी नेला. देवा, आजच्या दिवस माझी जीभ तू चालव, असं तो मनात म्हणाला. पण जीभ टाळूला चिकटली होती. वडिलांचा चेहरा डोळ्यांपुढून हलेना.

इंजिन खोकलं आणि बंद पडलं. एकदम इतकी शांतता झाली की पायांखालच्या फळ्यांमधून पाण्याचा खळखळाट ऐकू आला.

पायऱ्यांवर कुरकुऱ्या उभा होता. गुडघ्यापर्यंत भिजलेला. एका हातात पान्हा, दुसऱ्या हातात व्हॉल्व्ह बंद करायचं पितळी चाक. त्याने ते चाक लांब समुद्रात भिरकावलं.

“ताईशी मी बोलेन,” तो म्हणाला. “तुम्हाला खोटं बोलवत नाही ना, दाजी? मग आता खरं सांगा त्यांना.”