पाखऱ्याची गव्हाण

कृष्णाकाठच्या गाळात सापडलेला, हजारो वर्षांपूर्वीच्या हत्तीचा दगड झालेला दात मनुबाईने चाचपला. “पाला न्हाई, गवत खायाचा ह्यो. आमच्या पाखऱ्या बैलाचं दात असंच झिजल्यालं.” सांगलीच्या कॉलेजात रसायनशास्त्र शिकवणाऱ्या शरयूने तो तिला दाखवायला आणला होता. शरयूने तेच परिषदेत मांडलं, तेव्हा जाणकार हसले. हत्ती आणि नुसत्या गवतावर? तेही शेतकरीण सांगते म्हणून! शरयू इरेला पेटली. गवताची आणि झाडपाल्याची रासायनिक खूण दातात वेगवेगळी उतरते. तिने हत्तीच्या, पाल्यावर वाढलेल्या शेळीच्या आणि गवतावर पोसलेल्या कैलासवासी पाखऱ्याच्या दातांची भुकटी परदेशी तपासायला पाठवली. एकोणऐंशी साली पत्र आलं, तशी ती दात घेऊन थेट गोठ्यात धावली. “मनुबाई, हत्तीचा आकडा पाखऱ्याशी जुळला! जिंकलात तुम्ही!” मनुबाईने हत्तीचा दात पदराने पुसून पाखऱ्याच्या रिकाम्या गव्हाणीत ठेवला. “ऱ्हा रं बाबा हितं. घरचाच हायस तू.”