मामा म्हणतात की

अंकिताच्या मुलीचं बारसं झालं त्याच साली तिच्या चुलतसासऱ्यांच्या, चनबसप्पांच्या, छातीचं ऑपरेशन ठरलं. गौरी-गणपती होऊन गेले होते. संध्याकाळपर्यंत सोलापूरच्या दवाखान्यात दाखल व्हायचं होतं. होटगीच्या घरापुढं जीप येऊन उभी होती.

ओट्याच्या एका टोकाला चनबसप्पा बसले होते. दुसऱ्या टोकाला त्यांचे धाकटे भाऊ शरणप्पा, म्हणजे अंकिताचे सासरे, एक घोंगडी दोरीनं बांधत होते. मधे अंकिताची इंग्रजीची शिकवणी चालली होती. दहावीच्या चार मुली सतरंजीवर बसल्या होत्या.

"दुसऱ्याचं बोलणं कसं सांगायचं ते बघा," अंकिता म्हणाली. "आधी कोण म्हणालं ते. मग सेज. मग दॅट, म्हणजे आपलं 'की'. मग त्याचं बोलणं. आपल्या पदरचं त्यात काही घालायचं नाही."

"अंकिता," शरणप्पांनी हाक मारली, "थोरल्यास्नी विचार, दुपारची गोळी घेतली का."

चनबसप्पांना ते स्वच्छ ऐकू गेलं होतं. तरी ते समोरच बघत राहिले. बोअरच्या पाण्यावरून दोघांचा अबोला सुरू झाल्यापासून घरात ही रीत पडली होती. सुनेनं सांगितल्याशिवाय ऐकू आलं असं धरायचं नाही.

"थोरले मामा, मामा विचारतात, दुपारची गोळी घेतली का?"

"घेतली म्हनावं. मी काय त्याच्या मांडीवरचं पोर न्हाय."

"मामा, ते म्हणतात की घेतली." उरलेलं तिनं स्वतःजवळ ठेवलं.

मुली वहीत तोंड घालून हसल्या. एक हळूच म्हणाली, "ही सेज दॅट ही हॅज टेकन द टॅबलेट."

"बरोबर," अंकिता म्हणाली.

शरणप्पांची बायको सुंदरम्मा पिशवी घेऊन बाहेर आली. "दोगांचं मिळून दीडशे वरीस वय झालं, आनि बोलायला माजी सून लागती," ती म्हणाली. "डॉक्टरशी बोलायला बी हिलाच घेऊन जावा."

जीपवाल्यानं हॉर्न दिला. चनबसप्पा उठले नाहीत.

"पोरी," ते म्हणाले, "सांग तुज्या सासऱ्याला, जीप माघारी धाड म्हनावं. मी न्हाय जात."

सुंदरम्मा दारातच थबकली.

"असं काय करता, थोरले मामा? डॉक्टर म्हणालेत की आता थांबून चालायचं नाही."

"डॉक्टर म्हनंल. त्याचं काय जातंय." चनबसप्पांनी टोपी काढून गुडघ्यावर ठेवली. "बायकू कवाच गेली. पोर न्हाय, बाळ न्हाय. त्याला इचार, मी तितंच ऱ्हायलो काय आनि माघारी आलो काय, हितं कुनाचं काय अडतंय?"

हे पुढं सांगायचं अंकिताच्या जिवावर आलं. पण रीत होती. ती सासऱ्यांकडं वळली.

"मामा, ते विचारतात, ते परत आले नाहीत तर इथं कुणाचं काय अडणार आहे?"

शरणप्पांनी घोंगडीची गाठ सोडली आणि पुन्हा बांधायला घेतली. ओठ उघडले. आवाज आला नाही. मुलींचं हसू थांबलं होतं. अंकितानं वाट पाहिली. शरणप्पा गाठीकडंच बघत होते.

मग ती चनबसप्पांकडं वळली.

"मामा म्हणतात की शाळूचं बियाणं यंदाही तुमच्याच हातानं निवडायचं. तुम्ही येईपर्यंत ते रानात एक दाणा टाकणार नाहीत. पेरणीचं हस्त नक्षत्र निघून गेलं तरी चालेल, म्हणतात."

"मॅडम, पण मामा तर..." एका मुलीनं सुरुवात केली. शेजारणीनं तिला चिमटा काढला.

चनबसप्पांनी मान वळवली आणि धाकट्या भावाकडं सरळ पाहिलं. विचारलं मात्र अंकितालाच.

"असं म्हनला व्हय त्यो?"

अंकितानं सासऱ्यांकडं पाहिलं. शरणप्पा नुसतं 'न्हाय' म्हणाले असते तरी तिचं खोटं उघडं पडलं असतं.

त्यांनी गाठ ओढून घट्ट केली.

"व्हय," ते म्हणाले. "म्हनलो."

हे मात्र अंकितानं पुन्हा सांगितलं नाही.

मग चनबसप्पांनी टोपी डोक्यावर घातली आणि ओट्याला हात टेकून उठले. शरणप्पा घोंगडी घेऊन पुढं गेले. जीपच्या सीटवर ती भावाच्या पाठीशी नीट लावली आणि जीपवाल्याला म्हणाले, "स्टेशनापाशी रस्ता खराब हाय. दमानं घे."

"शरण्या," चनबसप्पा आतून म्हणाले, "बियाच्या पोत्याला उंदीर लागत्यात. वर टांगून ठेव."

"ठेवतो, अण्णा."

चनबसप्पा ऑपरेशन होऊन दसऱ्याला घरी आले. शाळू उशिरा पेरला गेला. तो निसवला, कणसं बाहेर पडली, त्या आठवड्यात, संक्रांतीच्या आदल्या दिवशी सकाळी, धाकटे शरणप्पाच अचानक वारले.