मॅडमचा फिल्टर

"सगळ्यांचा फिल्टर आहे हा, डाबरे! तुमच्या घरचा नाही!" चारुशीला सकाळपासून तिसऱ्यांदा शेजारच्या टेबलावरच्या डाबरेंवर कावली.

विमा कंपनीच्या मेनफ्रेमवर, म्हणजे मुख्य संगणकावर, वर्षानुवर्षं कुणी न उघडलेल्या फाइली वेचणारा तो फिल्टर तिनंच बारा वर्षांपूर्वी बनवला होता. सगळा विभाग तोच वापरायचा. बदल हवा असेल, तर आपल्या नावानं प्रत काढून त्यात करायचा, हा नियमही तिचाच. तिच्याच अक्षरात भिंतीवर चिकटवलेला. आज मात्र यादीत चालू पॉलिसींच्या फाइली आल्या होत्या, आणि दुपारी दोनला यादीतलं सगळं पुसलं जाणार होतं.

डाबरे काही सांगायला गेले, की ती त्यांना हातानंच थांबवत होती.

शेवटी डाबरेंनीच तो बदलल्याचा पुरावा दाखवावा म्हणून तिनं फिल्टरची नोंद उघडली. शेवटचा बदल शुक्रवारी संध्याकाळचा होता. नाव तिचं स्वतःचं. साहेबांना घाईनं वेगळी यादी हवी होती, आणि दमून गेलेल्या तिनं प्रत न काढताच अट बदलली होती.

ती खुर्चीत मागे टेकली.

"दोनच्या पुसायच्या कामाला मी शनिवारीच दुसरा फिल्टर जोडलाय, मॅडम," डाबरे हळूच म्हणाले. "चालू फाइलींना धक्का लागणार नाही."

तिनं तो उघडला. डाबरेंच्या नावानं पूर्वीच काढलेली प्रत होती ती; जुन्या अटी जशाच्या तशा होत्या. खाली टीप होती: 'मॅडमचा मूळ फिल्टर. कुणीही बदलू नये. मॅडमनीसुद्धा.'