पहिला धूर

अश्फाक मिस्त्रीने बॉनेटवर तळहात ठेवला आणि चटका बसावा तसा उचलला. चटका बसला नव्हता. बॉनेट नुसतं कोमट होतं. रात्रभर उघड्यावर उभ्या असलेल्या तीस वर्षांच्या डिझेल जीपचं बॉनेट डिसेंबरातल्या पहाटे सहाला कोमट असू नये, एवढंच.

“सर, गाडी चालू केलती का?”

चिंतामणने ती केली होती, आणि तसं सांगताना त्याच्या स्वरात यजमानाचा माफक अभिमान होता. पावणेपाचला उठून त्याने बॉनेट उघडून इंजिनाच्या डिझेल पंपावर दोन तांबे कढत पाणी ओतलं होतं, चिकाटीने किल्ली फिरवत राहून इंजिन जागं केलं होतं आणि चांगलं पाव तास चालू ठेवलं होतं. भुईंजहून इतक्या गारठ्यात मोटारसायकलवर येणाऱ्या माणसाला दारात पाऊल टाकताच गाडीशी झुंजावं लागू नये, असा त्यामागचा विचार.

अश्फाकने कानटोपी काढली आणि ओट्याच्या पायरीवर बसकण मारली. ही जीप महिन्याभरात तीनदा त्याच्या गॅरेजवर आली होती. तिन्ही वेळा अकरा वाजता, ऊन खाऊन, अर्ध्या किल्लीत गुरगुरत. तिला काही झालंय यावर कुणाचा विश्वास बसला नसता. म्हणूनच आज तो पहाटे आला होता. गार इंजिनचा पहिला धूर त्याला बघायचा होता. पांढरा आला तर डिझेल पोचतंय पण पेटत नाही, म्हणजे हीटर प्लग गेले. धूरच आला नाही तर डिझेलच वर चढत नाही. हे सगळं त्याने शांतपणे, चिंतामणकडे न बघता सांगितलं. चिंतामणने पुरावा धुऊन पुसून ठेवला होता, हे मात्र तो बोलला नाही.

गेले नऊ दिवस चिंतामण पहाटेला भीत होता. नऊ दिवसांपूर्वी याच वेळी त्याची बायको उमा उठून बसली होती. छातीवर जातं ठेवल्यासारखं वाटतंय म्हणाली. मग जबडा, मग डावा हात. जीपने चाळीस मिनिटं दाद दिली नाही. ॲम्ब्युलन्स बोलवू म्हटलं तर तिने मनगट धरलं : नको, वाडीभर बोभाटा होईल. उजाडलं तसं दुखणं ओसरलं आणि जीपही सुरू झाली. अकरा वाजता डॉक्टरांपुढे बसली ती न्हालेली, इस्त्रीची साडी नेसलेली, ताठ पाठीची उमा. आता काही नाही, ती म्हणाली. ते खरंच होतं, म्हणून चिंतामणनेही मान डोलावली. ईसीजीचा आलेख निर्दोष निघाला. पित्ताच्या गोळ्या मिळाल्या. पाहुणा यायच्या आत घर आवरावं, हा संस्कार या घरात इतका मुरलेला होता की आजारही आवरून ठेवला गेला.

गाडी पुन्हा पुरती गार व्हायची तर उद्याच यावं लागेल, असं अश्फाक म्हणाला. उद्या म्हणजे निदान न झालेली गाडी उशाशी घेऊन आणखी एक पहाट. पण चिंतामणच्या तोंडातून आलं ते सवयीचंच : तुम्हांला उगाच दोनदा त्रास.

“त्रासाचं सोडा. उद्या तेवढा हात लावू नगा,” अश्फाक म्हणाला. “दुखतंय तवाच दावायचं असतंय, सर. बरं हाय तवा दावून मिस्त्री काय बघणार?”

चिंतामणने यावर हसायला हवं होतं. तो चहाचं सांगायला आत गेला.

उमा स्वयंपाकाच्या ओट्याची कड धरून उभी होती. गॅसवर चहा उतू गेला होता आणि तिने गॅस बंद केला नव्हता. एवढ्या थंडीत तिचं कपाळ ओलं होतं, पोलक्याची पाठ ओली होती. त्याची चाहूल लागताच ती सरळ झाली. तोंडावर हसू आणलं.

“जाईल मिनिटभरात. त्यांना साखर चालते ना?”

चिंतामणने गॅस बंद केला. त्याने अश्फाकला हाक मारली. ती इतकी मोठी निघाली की पलीकडच्या दोन घरांत दिवे लागले. लागू देत.

जीप अर्ध्या किल्लीत, निर्लज्जपणे सुरू झाली. अश्फाकने स्टिअरिंग हाती घेतलं आणि गाडी फाट्याकडे काढली. मागच्या सीटवर उमा चिंतामणला टेकून होती. निदान साडी तरी बदलू द्यायची होती, ती पुटपुटली. हे असं कुणापुढे जायचं? केस विस्कटलेले, अवतार सगळा. तिचा श्वास तुटक येत होता आणि फाट्यावरचा दवाखाना अजून तीन किलोमीटर होता.

दवाखान्याची पाटी दिसली तशी तिने सवयीने पदराचं टोक उचललं आणि कपाळाकडे नेलं.

चिंतामणने तिचं मनगट धरलं.

“पुसू नकोस,” तो म्हणाला. “दिसू दे त्यांना.”